रंग खरवडण्याआधी : जुन्या इटालियन सायकली आणि पुरावा वाचण्याचा सराव

पेट किंवा नेटची तयारी करताना प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांच्या व्याख्या आपण सगळेच घोकतो. ताम्रपट प्राथमिक, मोडी रुमाल प्राथमिक, रियासत दुय्यम. परीक्षेपुरतं हे भागतं. पण समजा, तुमच्यासमोर कागदच नाही. एक सायकल उभी आहे. बारीक पोलादी नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची, लाल रंगाची, दोन-तीन ठिकाणी रंगाचे पोपडे निघालेली. मालक अभिमानानं सांगतो, "चौऱ्याहत्तर सालची इटालियन मासी आहे." हे विधान खरं कशावरून, असं तुम्हाला विचारलं तर सुरुवात कुठून कराल?

त्या एका वाक्यात तीन दावे आहेत. साल १९७४, देश इटली, कारागीर मासी. तिन्ही तपासावे लागतात, आणि तपासायची पद्धत तीच, जी आपण सनदेला किंवा शिलालेखाला लावतो. माझ्या प्रबंधाचा विषय हौशी लोक जुन्या वस्तू जपताना त्यांचा इतिहास कसा घडवतात (आणि कधीकधी कसा पुसतात) हा आहे. त्यातलं एक मोठं प्रकरण या सायकलींवर आहे. विषय सांगितला की लोक आधी हसतात, मग विचारतात, "यात संशोधन काय?" म्हणून आज ते थोडं उलगडून सांगते.

आधी सालापासून सुरू करू. मालकानं चौऱ्याहत्तर कशावरून म्हटलं असेल? बहुतेक मागच्या गिअरवरून. चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो भाग असतो, त्याला डिरेलर म्हणतात. व्हिचेन्झा शहरातल्या कांपान्योलो कंपनीचा नुओवो रेकॉर्ड नावाचा डिरेलर १९६७ पासून बाजारात होता आणि पुढची वीसेक वर्षं शर्यतीच्या सायकलींवर जिकडेतिकडे तोच दिसे. त्याच्या वरच्या भागावर 'पेटंट-७४' अशी अक्षरं ओतलेली सापडतात. गंमत अशी, की या आकड्याचा पेटंट मिळाल्याच्या सालाशी संबंध नाही. तो भाग साधारण कोणत्या वर्षी तयार झाला, हे त्यावरून कळतं. एकाच यंत्रावर ७२, ७३, ७४, ८० असे वेगवेगळे आकडे दिसू लागले, तेव्हा शेकडो नमुने शेजारी ठेवून हौशी मंडळींनीच हा अर्थ लावला. म्हणजे शब्द 'पेटंट' म्हणतो आणि वस्तू दुसरंच सांगते. साधनाच्या शब्दशः वाचनावर भिस्त ठेवू नये, हे वर्गात ज्या गांभीर्यानं सांगतात, ते इथे बोटाच्या पेराएवढ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर दिसतं.

बरं, डिरेलर ७४ चा आहे हे धरून चालू. सायकल ७४ ची ठरली का? नाही. कालनिश्चितीत आपण पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा असे शब्द वापरतो. उत्खननात एखाद्या अबाधित थरात सातवाहन नाणं सापडलं, तर तो थर नाण्याइतका जुना किंवा त्याहून नवा असतो, नाण्याहून जुना असू शकत नाही. सायकलीच्या बाबतीत हा नियम आणखी सैल होतो, कारण सायकल हा बंद थर नाही. डिरेलर झिजतो, पडून वाकतो, विकला जातो, मित्राच्या सायकलीवरून आपल्या सायकलीवर येतो. ७४ चा डिरेलर एवढंच सांगतो, की आज दिसणारी ही जुळणी ७४ च्या आधीची नाही. त्याखालची फ्रेम ६८ ची असेल, ७९ चीही असेल. दुकानदारानं फडताळात पडलेला जुना माल पाच वर्षांनी नव्या फ्रेमवर चढवलेलाही असू शकतो.

म्हणून एका खुणेवर न थांबता अनेक खुणा एकमेकींवर ताडून बघायच्या. ब्रेक बघा. कांपान्योलोनं स्वतःचे ब्रेक काढले ते १९६० च्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याआधीच्या उत्तम इटालियन सायकलींवर बहुधा 'युनिव्हर्साल'चे ब्रेक असत. १९६५ ची म्हणून दाखवलेली सायकल नखशिखांत कांपान्योलोची असेल, तर कुणीतरी नंतर ब्रेक बदललेत. हँडलचा दांडा बघा. चिनेल्ली कंपनीचं जुनं ढालीसारखं चिन्ह जाऊन नवं पंखवालं 'सी' आलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, कंपनी कोलोंबो घराण्याकडे गेल्यावर. हे नवं चिन्ह ईतालो लुपी या आलेखनकारानं आखलं. कोलनागोच्या फ्रेमवर पत्त्यातल्या किलवराची आकृती कोरलेली दिसते. १९७० मध्ये मिकेले दान्चेल्लीनं मिलान-सान रेमो शर्यत कोलनागोच्या सायकलीवर जिंकली आणि त्यानंतर हे चिन्ह आलं. म्हणजे किलवर असलेली फ्रेम सत्तरच्या आधीची नाही. अशा दहा-बारा मर्यादा एकत्र आणल्या की एक अरुंद पट्टा उरतो, बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचा. प्रामाणिक अभ्यासक तिथेच थांबतो. विकणारा मात्र नेमकं साल सांगतो, कारण नेमक्या सालाला भाव जास्त.

आता फ्रेमच्या आत शिरू. मिलानच्या ए. एल. कोलोंबो यांच्या कारखान्यातून (स्थापना १९१९) 'कोलंबस' नावाच्या नळ्या येत. हाच कारखाना १९३० च्या दशकात पोलादी नळ्यांचं आधुनिक फर्निचरही करत होता, हे मला कळलं तेव्हा फार आवडलं होतं. एकच नळी, एकीकडे खुर्ची, एकीकडे सायकल. शर्यतीसाठीच्या 'एस.एल.' प्रकारच्या नळीची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर. जिथे सांधा येतो आणि ताण पडतो तिथे जाड, मधे पातळ. 'एस.पी.' त्याहून जरा जाड, १.० आणि ०.७, उंच किंवा वजनदार स्वारासाठी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग ओळखायच्या कशा? सीटचा दांडा काढायचा आणि त्याचा व्यास मोजायचा. २७.२ मिलिमीटरचा दांडा नीट बसत असेल तर बहुधा एस.एल., त्याहून बारीक लागत असेल तर नळी जाड. पुढचा चिमटा उतरवला, तर त्याच्या उभ्या नळीच्या आत, तळाशी, पाच तिरक्या कंगोऱ्यांची नक्षी दिसते, बंदुकीच्या नळीत असते तशी. ती कोलंबसची खूण. फ्रेमवर 'कोलंबस' असं चिकटपत्र लावलेलं आहे, हा पुरावा नाही. तसली चिकटपत्रं आज घरबसल्या मागवता येतात. आतले कंगोरे मात्र चिकटवता येत नाहीत.

आणखी एक तपशील माझा विशेष लाडका आहे. पेडलचा दांडा ज्या आडव्या नळकांड्यातून जातो, त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. इटालियन पद्धतीत त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आणि आटे दर इंचाला २४. परत वाचा. व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचात! दशमान पद्धतीच्या देशात इंच आला कुठून? सायकलधंद्याच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटिश यंत्रांचा आणि मापांचा जो दबदबा होता, त्याचा हा अवशेष असावा असं मला वाटतं. बोलीत एखादा फार्सी शब्द राहून जातो आणि बोलणाऱ्याला तो परका वाटतही नाही, तसं. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे पेडल मारताना तो सैल होत नाही. आपल्याकडची सायकल ब्रिटिश वळणाची, त्यामुळे आपले मिस्त्री ते हातानंच ओळखतात. इटालियन सायकलीला दोन्ही बाजूंना सुलटे आटे, म्हणून उजवा कप वेळोवेळी सैल होतो आणि तो चांगला आवळून ठेवावा लागतो. कित्येक दशकं ही अडचण सगळ्यांना ठाऊक होती, तरी पद्धत बदलली नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'उत्तम तेच टिकतं' असं कुणी सांगितलं, तर त्याला हा कप दाखवा.

दुसरा दावा, 'इटालियन'. हे तर उघडच, असं वाटेल. पण त्या काळच्या एखाद्या चांगल्या सायकलीची झडती घ्या. नळ्या मिलानच्या, डिरेलर व्हिचेन्झाचा. सीट पुष्कळदा इंग्लंडच्या ब्रूक्सची, चामड्याची. पाय अडकवायच्या पट्ट्यांचे पिंजरे फ्रान्सच्या क्रिस्तोफचे. कडी, म्हणजे रिम, कधी इटालियन तर कधी फ्रेंच माविकची. काही इटालियन कारागीर बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्सच्या नळ्याही वापरत. इटालियन काय होतं, तर त्या सगळ्याची जुळणी, नळ्यांचे कोन, सांध्यांवरच्या पोलादी खोबण्यांना कानस मारून आणलेली धार आणि रंग. आणि हो, गिऱ्हाईक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची लाट आली. एकेका वर्षी तिथे मोटारींपेक्षा सायकली जास्त खपल्या. त्या लाटेत या सायकलींना परदेशात हौशी खरेदीदार मिळाले. १९७९ च्या 'ब्रेकिंग अवे' चित्रपटातला इंडियानाचा पोरगा इटालियन व्हायच्या वेडानं पछाडलेला असतो आणि त्याची सायकल लाल मासी असते. 'जुनी इटालियन पोलादी सायकल' ही एक जात आहे, हे बऱ्याच अंशी बाहेरच्या प्रेमानं ठरवलं. मिलानच्या कारागिराच्या दृष्टीनं तो शर्यतीची सायकल करत होता, बस्स.

तिसरा दावा, 'मासी'. फालिएरो मासी यांची कार्यशाळा मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमच्या खाली होती. वर लाकडी धावपट्टी, जिथे फाउस्तो कोप्पीनं १९४२ मध्ये एका तासाचा विक्रम केला, आणि खाली मासींची भट्टी. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मासींनी आपल्या नावाचे हक्क अमेरिकन भांडवलदारांना दिले आणि कॅलिफोर्नियात मासी नावाच्या फ्रेम बनू लागल्या. मिलानमध्ये मुलगा आल्बेर्तो काम करत राहिला. म्हणजे आपली चौऱ्याहत्तरची 'इटालियन मासी' कॅलिफोर्नियात जन्मलेली असण्याची चांगलीच शक्यता आहे!

नाव आणि हात यांची फारकत ही काही अपवादाची गोष्ट नाही. २५ ऑक्टोबर १९७२ ला एडी मेर्क्सनं मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. सायकल घडवली होती कांबियागोच्या एर्नेस्तो कोलनागो यांनी. तिच्यावर नाव होतं विंडसरचं, एका मेक्सिकन कंपनीचं, कारण पैसे तिनं दिले होते. व्यावसायिक शर्यतींत ही सर्रास चाल होती. प्रायोजकाच्या नावाची सायकल, पण घडवलेली स्वाराच्या विश्वासातल्या कारागिराकडून. आणि त्याच्याही खालचा एक थर आहे, जो माझ्या कामाचा गाभा आहे. लोंबार्दिया आणि व्हेनेतो भागांत छोट्या छोट्या कार्यशाळा होत्या, दोन-तीन माणसांच्या, आणि त्या दुसऱ्यांच्या नावानं फ्रेम करून देत. इटलीत अशा कंत्राटी कारागिराला 'कोंतोतेर्झिस्ता' म्हणतात. १९७७ मध्ये आर्नाल्दो बान्यास्को या समाजशास्त्रज्ञानं 'तिसरी इटली' ही कल्पना मांडली. मोठ्या कारखान्यांची वायव्य इटली वेगळी, गरीब दक्षिण वेगळी, आणि मधली-ईशान्येची ही छोट्या उद्योगांची इटली वेगळी. व्हेनेतोतला सायकलधंदा या चौकटीत चपखल बसतो. त्रेव्हीझोचे जोव्हान्नी पिनारेल्लो १९५१ च्या 'जीरो द इतालिया'त शेवटचे आले. शेवटच्यालाही तेव्हा काळी जर्सी आणि बक्षीस असे. पुढच्या वर्षी संघानं दुसऱ्या स्वारासाठी जागा करून द्यायला त्यांना एक लाख लिरा दिले आणि बाजूला व्हायला सांगितलं. त्या पैशांतून त्यांनी दुकान टाकलं. आज ते नाव जगभर आहे. पण कंत्राटी कारागिरांची नावं कुठल्याच नळीवर नाहीत. ना पगारपत्रक हाती लागतं, ना नोंदवही. कोलनागोच्या बऱ्याच जुन्या फ्रेमवर तर अनुक्रमांकसुद्धा नाही. मग या माणसांचा पुरावा उरतो तो फक्त त्यांनी केलेल्या कामात. खोबणीच्या टोकाला कानस कशी फिरवली, पितळेचा डाख कितपत स्वच्छ वाहिला, मागच्या नळीचं टोक कसं बंद केलं. सराईत नजरेला हे हस्ताक्षरासारखं वाचता येतं. दोन वेगळ्या नावांच्या फ्रेम एकाच हातच्या आहेत, हे अशाच खुणांवरून ओळखता येतं.

इथेच खरी अडचण सुरू होते.

जुनी सायकल हाती आली की बहुतेकांची पहिली इच्छा काय असते? ती नव्यासारखी करावी. जुना रंग खरवडून काढायचा, वाळूच्या माऱ्यानं पोलाद उघडं करायचं, क्रोम पुन्हा चढवायचा, आधी पॉलिश करून मगच, म्हणजे कंगोरे गुळगुळीत होतात. मग कंपनीच्या त्या वर्षीच्या कॅटलॉगमधला रंग द्यायचा, नवी चिकटपत्रं लावायची, आणि ज्या भागांवर 'चुकीची' सालं आहेत ते काढून 'बरोबर' सालाचे भाग शोधून बसवायचे. सायकल झळाळते. आणि त्या दिवसापर्यंत तिनं जपलेला पुरावा संपतो. कानशीच्या खुणा गेल्या. आधीच्या रंगाचे थर गेले, ज्यांतून कळलं असतं की ही फ्रेम मुळात दुसऱ्याच नावानं विकली गेली होती. १९८१ मध्ये कुणीतरी बसवलेला स्वस्त ब्रेक गेला, जो सांगत होता की ही सायकल काचेच्या कपाटात कधीच नव्हती, कुणीतरी तिच्यावर रोज कामाला जात होतं. उरतं ते ब्रँडचं नाव, पूर्वीपेक्षा ठसठशीत.

मराठीत आपण जीर्णोद्धार, दुरुस्ती, नूतनीकरण, जतन, संवर्धन असे पाच-सहा शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासणारे विश्वस्तही जीर्णोद्धारच करत असतात, मनापासून. हे शब्द वेगळे करायला हवेत, आणि त्यासाठी मदत इटलीतूनच मिळते. रोममध्ये १९३९ साली रिस्टोरेशनची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी. त्यांचा रिस्टोरेशनच्या सिद्धांतावरचा ग्रंथ १९६३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिस सनद तयार झाली. ब्रांदींचं म्हणणं ढोबळपणे असं, की कलावस्तू एकाच वेळी दोन गोष्टी असते: ती सुंदर असते आणि ती काळातून आलेली असते. पहिलीसाठी दुसरीचा बळी द्यायचा नाही. सनदेत याचा व्यवहारी नियम झाला, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. ब्रांदींच्या संस्थेत भित्तिचित्रांतले खड्डे भरताना बारीक उभ्या रेघांनी रंग देत. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेल्यावर भरलेला भाग कळतो. दुरुस्ती केली, पण लपवली नाही.

हा विचार सायकलवाल्यांपर्यंत पोचला आहे का? थेट नाही, पण आडवाटेनं पोचतो आहे. गेल्या काही वर्षांत या मंडळींमध्ये मूळ रंग राखण्याकडे कल वाढला आहे. गंज काढायला फ्रेम सौम्य ऑक्झॅलिक आम्लात बुडवतात, म्हणजे गंज विरघळतो आणि रंग बहुतांशी राहतो (आपल्याकडे तांब्याला चिंच लावतात त्याच जातीची युक्ती). टवके तसेच ठेवून वर मेण लावतात. कॅटलॉगबाबतही शंका घेणारे आहेत, आणि ही शंका तुमच्याही उपयोगाची आहे. कॅटलॉग हे विधिनियमाचं साधन. व्यवहार काय होता ते त्यात असेलच असं नाही. स्मृतिग्रंथांवरून प्रत्यक्ष समाज वाचू नये, हे आपण शिकतो ना? तसंच हे. सायकल बहुधा फ्रेम म्हणून विकली जायची आणि बाकीचे भाग गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे दुकानदार चढवायचा. त्यामुळे कॅटलॉगबरहुकूम 'शुद्ध' केलेली सायकल कधीकधी इतिहासात अस्तित्वातच नसते.

मी सरसकट रंग देण्याच्या विरोधात नाही. गंजानं नळी खाल्ली असेल, आधीच तीनदा रंग दिलेला असेल, तर रंगवा. माझं म्हणणं एवढंच, की हातात कानस घेण्याआधी कॅमेरा घ्या. खोबण्या जवळून, नळकांड्याचा तळ, चिमट्याच्या आतला भाग, सुट्या भागांवरचे आकडे. टवक्यात दिसणारे रंगाचे थर भिंगानं मोजा.

आता हौशी मंडळींबद्दल थोडं, कारण संशोधकांची त्यांच्याकडे पाहायची दृष्टी मला नेहमी खटकते. १९९७ मध्ये तोस्कानातल्या गायोले इन कियांती या गावात जान्कार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' हा सायकल-फेरीचा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आज हजारो येतात. हेतू होता पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ न देण्याचा. नियम कडक: सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या, पेडलला पट्ट्या. १९८७ हेच साल का, तर त्याच सुमाराला सगळं बदलत होतं. चावीसारखे अडकणारे लुक पेडल आले होते आणि १९८५ ची 'टूर द फ्रान्स' बेर्नार इनोनं त्यांवर जिंकली होती. जपानच्या शिमानोचे टक्‌टक् करत अचूक बदलणारे गिअर आले होते. तारा हँडलच्या पट्टीखाली गेल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत ॲल्युमिनियम आणि मग कार्बन. पोलादी फ्रेमवर जिंकलेली शेवटची टूर मिगेल इंदुराइनची १९९४ ची, असं सर्वसाधारणपणे मानतात.

लेरोइकात एक मजा दिसते. स्वार लोकरी जर्सी घालून येतात, खांद्यावरून सुटा टायर आडवा बांधतात, मिशा पिळतात; म्हणजे आवाहन कोप्पी-बार्तालींच्या, युद्धानंतरच्या इटलीचं. सायकली मात्र बहुतेक १९७०-८० च्या दशकातल्या. दोन वेगळे भूतकाळ एकाच अंगावर. हॉब्सबॉम आणि रेंजर यांचं १९८३ चं परंपरांच्या निर्मितीवरचं पुस्तक वाचलेला कुणीही इथे लगेच बोट ठेवेल, की बघा, परंपरा घडवली जातेय. ठेवू द्या. पण तेवढ्यावर थांबणं हा आळस आहे. त्याच घडवलेल्या परंपरेमुळे ते कच्चे रस्ते नावारूपाला आले आणि राहिले, २००७ पासून त्यांवर व्यावसायिक शर्यतही सुरू झाली. आणि डिरेलरवरच्या आकड्यांचा अर्थ कुठल्या विद्यापीठानं लावला नव्हता, हेही विसरू नका. राफाएल सॅम्युएल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं, की इतिहास हा फक्त इतिहासकारांचा उद्योग नाही. वस्तूंची चरित्रं कशी लिहायची यासाठी मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ मध्ये संपादित केलेला वस्तूंच्या सामाजिक जीवनावरचा ग्रंथ आधी काढा, त्यातला इगोर कोपिटॉफ यांचा लेख आधी वाचा.

अर्थात हौशी मंडळींच्या कथा जशाच्या तशा घेऊही नयेत. तुल्यो कांपान्योलो यांची प्रसिद्ध कथा घ्या. ११ नोव्हेंबर १९२७, क्रोचे दाउने घाटातली शर्यत, बर्फ. गिअर बदलायला मागचं चाक काढून उलटं बसवायचं, पण गारठलेल्या बोटांनी पंखांचे नट सुटेनात. ते म्हणाले, मागे काहीतरी बदललं पाहिजे. त्यातून चाक झटक्यात सोडवणारा खटका आला आणि १९३३ मध्ये कंपनी. घाटात स्मारकही आहे. सायकलींच्या इतिहासाच्या काही अभ्यासकांनी या कथेवर गंभीर शंका घेतल्या आहेत. तुम्ही कशी तपासाल? जशी हिरकणीची कथा तपासाल तशी. सर्वांत जुना छापील उल्लेख कोणत्या सालचा? घटनेनंतर किती वर्षांनी? तो कुणी छापला, आणि त्यात त्याचा फायदा काय? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हवामान काय होतं? पेटंट कार्यालयाच्या नोंदी काय म्हणतात? कथा टिकली नाही तरी ती कधी आणि का लागली, हा नवा प्रश्न हाती येतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त रसाळ वाटतो.

शेवटी चालवण्याबद्दल, कारण मार्गदर्शकांनी मला पहिल्यांदा विचारलं ते हेच, की चालवून काय कळणार? पुरातत्त्वात प्रयोग करून पाहतात, दगडी हत्यार घडवून, भांडं भाजून. तसंच हे. नुओवो रेकॉर्डच्या पुढच्या चक्राची रचना अशी, की त्यावर साधारण ४२ दात्यांहून लहान चक्र बसतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मागे डिरेलर २६ दात्यांपर्यंतच झेपवतो. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दीड फेऱ्याहून जास्त फिरतं. आजच्या सायकलीवर चढाला ते प्रमाण एकास एकच्या आसपास येतं. हे कागदावर वाचून समजतं. पण चढावर एकदा बसून बघा. दहा मिनिटांत सीटवरून उठावं लागतं, हँडलच्या वरच्या भागाला धरून अंग डावी-उजवीकडे झोकावं लागतं, आणि गिअर बदलायचा तर एक हात सोडून खाली गुडघ्याजवळ न्यावा लागतो, त्यामुळे चढ सुरू व्हायच्या आधीच ठरवावं लागतं. जुन्या छायाचित्रांतले सगळे स्वार घाटात तसेच उभे, तसेच झुकलेले दिसतात. मी ते इतके दिवस आवेश म्हणून वाचत होते. त्यात ४२ आणि २६ चा वाटाही आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये उगो दे रोझा वारले, ८९ व्या वर्षी. मेर्क्सच्या सायकली घडवणाऱ्या पिढीतले ते. त्यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या आहेत, नाव मोठं होतं. ज्यांची नावं नळीवर आली नाहीत, त्यांतले बरेच जण आज ऐंशीच्या पुढे असणार. माझ्या पुढच्या टप्प्याची प्रश्नावली आता तयार होते आहे. तिच्यात पहिला प्रश्न एवढाच आहे: ही फ्रेम हातात घेऊन बघा, ही कुणाच्या हातची वाटते?